प्रश्न वाचकांचे : शहामृगाचे पीस आणि पाठीचा कणा

मागील अंकात ‘आफ्रिकी योग’ या विषयावर जेमतेम अर्ध्या पानाची टिपणी छापली होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातून विसाव्या शतकात पुढे आलेल्या आणि प्राचीन इजिप्तच्या देवदेवतांची नावे आसनांना देणाऱ्या एका योगपद्धतीचा तीत ओझरता उल्लेख होता. एवढ्याशा मजकुरावर रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची पत्रे येतील, असे वाटले नव्हते. त्यांतील सहा पत्रे निवडून, त्यांचा मजकूर थोडा आटोपता करून, यथामती उत्तरे देत आहे.

इजिप्तमध्ये खरोखरच योग होता काय? मी शाळेत योग शिकवते. ‘पाच हजार वर्षांपूर्वीचा केमेटिक योग’ अशी जाहिरात माझ्या पाहण्यात आली. मुलांना काय सांगावे? — एक योगशिक्षिका, गुहागर

‘केमेत’ हे इजिप्तच्या लोकांनी आपल्या देशाला दिलेले नाव असून त्याचा अर्थ ‘काळी भूमी’ असा आहे. नाईल नदीला दरवर्षी उन्हाळ्यात येणारा पूर ओसरला की काठावर जो काळा गाळ उरत असे, त्यावर तो सारा देश जगत होता. त्याच्या पलीकडचे वाळवंट ही ‘तांबडी भूमी’. ती निर्जल, परकी आणि सेत या दांडग्या देवाच्या ताब्यातली. तांबड्या मातीतच जन्मलेल्या आणि तिचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या लोकांना हे थोडे विचित्र वाटेल. पण प्रतीके आकाशातून पडत नाहीत, ती पायाखालच्या जमिनीतून उगवतात, हे पुढच्या सर्व उत्तरांत लक्षात ठेवावे लागणार आहे.

मागील टिपणीतली, केमेटिक योग या नावाची पद्धत १९७० च्या दशकात शिकागो शहरात आकाराला आली. असार हापी आणि यिर्सर रा होतेप या दोघांनी इजिप्तच्या मंदिरांतील व थडग्यांतील चित्रे, मूर्ती आणि चित्रलिपीतील मजकूर यांचा अभ्यास करून तिची मांडणी केली. संथ आणि भौमितिक रेषांत होणारी हालचाल, आणि श्वास घेणे, थांबणे, सोडणे, पुन्हा थांबणे असा चार टप्प्यांचा श्वसनक्रम हे तिचे मुख्य अंग आहे. पुढे १९९० च्या दशकात मुआता अ‍ॅशबी यांनी इजिप्तच्या पुराणकथांचा वेदान्ताच्या धर्तीवर अर्थ लावून तिच्या तत्त्वज्ञानाची बाजू विस्ताराने लिहिली. या साऱ्यामागे एक मोठी तळमळ होती. गुलामगिरीने ज्यांची भाषा, कुळे आणि दैवते हिरावून घेतली, त्यांना आफ्रिकेत स्वतःचे असे एक प्राचीन ज्ञान हवे होते. सेनेगलचे विद्वान शेख अन्ता दियोप यांनी १९५४ पासूनच इजिप्तची संस्कृती ही आफ्रिकी संस्कृती होय, असे हिरिरीने मांडले होते. तो विचार या चळवळीच्या पाठीशी होता.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आसनांची मांडणी करणारा, अमुक स्थितीत बसून अमुक श्वास घ्यावा असे सांगणारा एकही प्राचीन इजिप्शियन ग्रंथ सापडलेला नाही. भिंतींवरील आकृत्या गुडघे टेकून, हात उंचावून, पंख पसरून बसलेल्या आहेत हे खरे. परंतु त्या पूजेच्या, शोकाच्या, अभिवादनाच्या किंवा रक्षणाच्या मुद्रा आहेत, व्यायामाचे तक्ते नव्हेत. पद्धतीचे अभ्यासक ‘सेमा’ या चिन्हाकडे बोट दाखवतात, आणि ते चिन्ह खरोखरच मोठे वेधक आहे. फुप्फुसे आणि त्यांना जोडलेली श्वासनलिका यांचे ते चित्र असून त्याचा अर्थ ‘जोडणे, एकत्र करणे’ असा होतो. श्वास आणि जोडणी एकाच चिन्हात आलेली पाहून ‘युज्’ धातू जिभेवर असलेल्या माणसाला आनंद व्हावा, हे स्वाभाविक आहे. मात्र इजिप्तमधील लिश्त येथे सापडलेल्या पहिल्या सेनुस्रेत राजाच्या पुतळ्यांच्या सिंहासनांवर हेच चिन्ह पाहिले, तर दोन देव त्या श्वासनलिकेभोवती कमळ आणि पपायरस यांचे देठ आवळून बांधताना दिसतात. कमळ म्हणजे दक्षिणेचा प्रदेश, पपायरस म्हणजे उत्तरेचा. प्राचीन काळी ती जोडणी दोन राज्यांची होती. जीव आणि शिव यांची करण्याचे काम आधुनिक आचार्यांनी केले.

म्हणून मुलांना असे सांगावे की, प्रतिमा चार-पाच हजार वर्षांच्या जुन्या आहेत आणि आसनांची पद्धत सुमारे पन्नास वर्षांची आहे. यात त्या पद्धतीचा कमीपणा मुळीच नाही. आपल्या पतंजलींनी आसनाविषयी ‘स्थिरसुखमासनम्’ एवढ्यावर भागवले, पंधराव्या शतकातील हठयोगप्रदीपिकेत पंधरा आसने आली, आणि आज शाळेच्या मैदानावर ओळीने घेतली जाणारी आसने ही बरीचशी विसाव्या शतकातील मैसूर, लोणावळा आणि पुणे येथील प्रयत्नांतून आजच्या रूपाला आली. जाहिरातीतील ‘पाच हजार वर्षे’ आपल्याकडेही काही कमी वापरली जात नाहीत.

आमच्या घरात दशावताराची परंपरा आहे. मुखवटा चढवला की माणूस बदलतो, हे आम्ही पाहतो. इजिप्तच्या देवांना कोल्ह्याचे, सिंहिणीचे, पक्ष्याचे तोंड का? ते लोक जनावरांची पूजा करीत होते का? — एक वाचक, मालवण तालुका

आपण मुखवट्याचा उल्लेख केला, तेव्हा अर्धे उत्तर आपणच दिले. ज्या घरी भाद्रपदात हत्तीचे मस्तक असलेला देव पाटावर बसतो आणि नरसिंहाचा अवतार रात्रभर जागून पाहिला जातो, तेथे हा प्रश्न युरोपीय प्रवाशांना पडला तसा पडू नये. मस्तक देवाचा स्वभाव सांगते. शिवाय एकाच देवाला अनेक रूपे असत: लेखन आणि गणित यांचा देव जेहुती, ज्याला ग्रीकांनी थॉथ म्हटले, तो कधी शराटी पक्ष्याचे डोके घेऊन येतो, तर कधी सबंध वानराच्या रूपात बसलेला असतो. त्याचा तो पक्षी आपल्या खाजणांत आणि कापणीनंतरच्या भातखाचरांत चिखलात चोच खुपसून हिंडणाऱ्या, काळ्या डोक्याच्या पांढऱ्या शराटीचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. ती बाकदार चोच चंद्रकोरीसारखी दिसते, आणि जेहुती हा चंद्राचा, म्हणजे कालगणनेचाही देव. हे नाते लावण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

कोल्हेमुख्या अनुबिसामागची युक्ती मला सर्वांत आवडते. वाळवंटाच्या कडेला असलेल्या दफनभूमीत कोल्ही रात्री हिंडत आणि उथळ पुरलेली प्रेते उकरत. ज्याच्यापासून भय, त्यालाच त्या लोकांनी थडग्यांचा रखवालदार नेमले. आफ्रिकी योगात अनुबिस हा विवेक मानला जातो: अंधारात वाट दाखवणारा, कुजके काय आणि टिकाऊ काय हे वासाने ओळखणारा. मूळ कामाशी हा अर्थ इमान राखतो, असे माझे मत आहे. शेणाचा गोळा ढकलीत नेणाऱ्या भुंगेऱ्यात त्यांनी सकाळचा सूर्य ढकलणारा खेपरी पाहिला. त्याच्या नावामागच्या धातूचा अर्थच ‘होणे, घडून येणे’ असा आहे, आणि साधकाने रोज स्वतःला नव्याने घडवावे हा आजचा अर्थ त्यातून सरळ निघतो.

सिंहिणीचे मुख असलेली सेखमेत मात्र थोडी जपून समजून घ्यावी लागते. तिच्या नावाचा अर्थ ‘सामर्थ्यवती’. माणसे उन्मत्त झाली म्हणून रा या सूर्यदेवाने तिला पाठवले, ती रक्ताला चटावली, थांबेना. तेव्हा तांबडी रंगवलेली बिअर शेतांत ओतून तिला झिंगवावे लागले, अशी कथा आहे. ती रोगराई पाठवते आणि तिचेच पुजारी वैद्यकही करतात. आपल्या भाषेत एका भयंकर रोगाला ‘देवी’ म्हणत आणि त्याच देवीला रोग आवरण्यासाठी आळवत, हे ज्यांना आठवते त्यांना सेखमेत परकी वाटणार नाही. आफ्रिकी योगात तिला आवरलेल्या क्रोधाचे, जखम भरून काढणाऱ्या उष्णतेचे प्रतीक मानतात. अर्थ चांगला आहे. फक्त झिंगवण्याचा भाग वर्गात सहसा सांगत नाहीत.

इजिप्तचा ‘जेद’ हा स्तंभ म्हणजे आपला मेरुदंड आणि फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, कपाळावरचा नाग म्हणजे जागृत कुंडलिनी, असे एका व्याख्यानात ऐकले. मग हे ज्ञान येथून तिकडे गेले, की तिकडून येथे आले? — एक निवृत्त शिक्षक, लांजा

दोन्ही साम्ये एकाच पारड्यात घालू नयेत, कारण पहिले बरेच भक्कम आहे आणि दुसरे डोळ्यांना फसवणारे आहे.

जेद हा खाली सरळ आणि वर चार आडव्या पट्ट्या असलेला स्तंभ आहे. तो मुळात कशाचा आकार होता, धान्याच्या पेंढ्या बांधलेल्या खांबाचा की आणखी कशाचा, यावर विद्वानांचे एकमत नाही. परंतु पुढे तो ओसिरिस या देवाचा पाठीचा कणा मानला जाऊ लागला आणि त्या चिन्हाचा अर्थ ‘स्थैर्य’ असा रूढ झाला. ओसिरिसची कथा थोडक्यात अशी: सेत या भावाने त्याचा घात करून देहाचे तुकडे विखुरले; इसिस या पत्नीने ते शोधून जुळवले, त्याच्यापासून होरस हा पुत्र मिळवला; होरसने चुलत्याशी झुंजून राज्य परत घेतले, आणि ओसिरिस परलोकाचा राजा झाला. मोडून पडलेला देव पुन्हा उभा राहिला, याची खूण म्हणून आडवा जेद दोरांनी ओढून उभा करण्याचा विधी होत असे. अबिदोस येथील पहिल्या सेतीच्या मंदिरात तो राजा इसिसच्या साह्याने जेद उभारीत असल्याचे शिल्प आहे. मृताच्या गळ्याशी सोन्याचा जेद बांधण्याचीही चाल होती. तेव्हा ‘कणा ताठ करणे म्हणजे पडलेल्या देवाला उभे करणे’ ही आफ्रिकी योगाची शिकवण मूळ कथेच्या आतूनच आलेली आहे, आणि आपल्या मेरुदंडाच्या कल्पनेजवळ ती सहज जाऊन बसते. वरच्या चार पट्ट्या म्हणजे वरची चार चक्रे, असे काही आचार्य सांगतात. तेवढे मात्र मागाहून चिकटवलेले आहे. चक्रांची ठरावीक मांडणी भारतातच सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या तांत्रिक ग्रंथांत स्थिरावली, तेव्हा फारोंचे राज्य संपून हजार वर्षे उलटली होती.

आता नागाविषयी. ज्ञानेश्वरांनी १२९० साली सहाव्या अध्यायात कुंकवाने न्हालेल्या नागिणीच्या पिलाची उपमा देऊन कुंडलिनीचे जे वर्णन केले, ते ज्याच्या कानांवर आहे त्याला कपाळावर फणा काढलेला नाग दिसला की दुसरे काही सुचतच नाही. पण फारोच्या कपाळावरची नागीण शरीराच्या आतून वर चढलेली नाही. ती बाहेरून येऊन बसलेली आहे. तिचे नाव वाजेत. ती नाईलच्या मुखाजवळच्या, इजिप्तच्या उत्तर भागाची देवता, आणि शत्रूवर आग ओकणे हे तिचे काम. दक्षिणेची देवता नेखबेत ही गिधाडाच्या रूपातली असून तुतनखामुनच्या सोनेरी मुखवट्यावर दोघी शेजारी शेजारी दिसतात. कुंडलिनी म्हणावी तर त्या गिधाडाचे काय करावयाचे, याचे उत्तर व्याख्यात्यांना विचारावे. माझ्या मते कोकणातल्या माणसाने वाजेतला समजून घेण्यासाठी कुंडलिनीपर्यंत जाण्याचे कारण नाही. देवळाच्या मागच्या वारुळाजवळ, बागेच्या बांधावर, जुन्या घराच्या जोत्यात दिसणाऱ्या नागाला आपण ‘राखणदार’ म्हणतो, मारीत नाही, नारळ ठेवतो. कपाळावरची ती नागीण राजाची राखणदार आहे. आजच्या आफ्रिकी योगात तिला भ्रूमध्यावरच्या एकाग्रतेचे प्रतीक म्हणून वापरतात, आणि साधनेपुरता तो वापर चालण्यासारखा आहे; परंतु त्यावरून इकडून तिकडे कोण गेले, याचा पुरावा मिळत नाही. नाग दोन्ही देशांत आहेत आणि दोन्ही देशांतल्या माणसांना त्यांचे भय वाटते, एवढे कारण दोन्हीकडे नाग पूजेत येण्यास पुरेसे आहे.

ओसिरिस म्हणजे आत्मा, सेत म्हणजे अहंकार, इसिस म्हणजे प्रज्ञा आणि होरस म्हणजे साधकाची इच्छाशक्ती, अशी जी फोड या योगात शिकवली जाते, तीही आपल्याला परिचयाची वाटेल. कौरव-पांडवांची अशीच फोड आपल्याकडे करतात. ती केवळ आधुनिक हौस आहे, असेही म्हणता येत नाही. ओसिरिसची सलग कथा आपल्याला ज्या ग्रीक लेखकामुळे मिळाली, त्या प्लुटार्कने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीच तिच्यातील देवांचे तात्त्विक अर्थ लावून ठेवले होते. इजिप्तच्या स्वतःच्या लेखांत मात्र ही कथा तुकड्यातुकड्यांनीच येते.

मृताचे हृदय तागडीत तोलतात, त्या चित्राचा अर्थ काय? मातच्या बेचाळीस वचनांची यम-नियमांशी तुलना करता येईल का? मी वकिली करतो, म्हणून तराजूविषयी विशेष कुतूहल आहे. — एक वाचक, सावंतवाडी

मात ही डोक्यावर शहामृगाचे एकच पीस खोवलेली देवी. सत्य, न्याय, ऋतूंचा आणि नक्षत्रांचा क्रम, राजाचे कर्तव्य, बाजारातले खरे वजन हे सर्व तिच्या नावात येते. आपल्याकडचा शब्द शोधायचा तर ‘न्याय’ अपुरा पडतो; वेदांतील ‘ऋत’ अधिक जवळचा. केमेटिक योगाच्या सबंध तत्त्वज्ञानाचा पाया हीच देवी आहे, बाकीच्या देवता तिच्याभोवती उभ्या आहेत.

तोलण्याचे चित्र मृतांबरोबर ठेवल्या जाणाऱ्या पपायरसांवर, म्हणजे त्या झाडापासून केलेल्या कागदाच्या गुंडाळ्यांवर, येते. आनी नावाच्या लेखनिकाचा सुमारे इसवी सनपूर्व १२५० चा पपायरस लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असून त्यातले चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात मातचे पीस. अनुबिस काटा पाहतो, जेहुती निकाल लिहून घेतो, आणि मगरीचे तोंड, सिंहाचे पुढचे अंग व पाणघोड्याचे मागचे अंग असलेली अम्मित वाट पाहत बसते. हृदय जड भरले की ते तिच्या तोंडात. हृदयच का, तर त्या लोकांच्या समजुतीप्रमाणे विचार, स्मृती आणि नीती यांचे स्थान हृदय होते. प्रेत टिकवताना ते मेंदू काढून टाकीत, हृदय मात्र जागच्या जागी ठेवीत.

त्याबरोबर बेचाळीस न्यायदेवतांसमोर मृताने बेचाळीस वाक्ये म्हणावयाची असत, आणि ती सर्व नकारार्थी असत: मी चोरी केली नाही, मी खोटे बोललो नाही, अशी. यम-नियमांशी तुलना येथे खरोखर रंगते, कारण आपले अहिंसा, अस्तेय आणि अपरिग्रह हे शब्दही ‘अ’पासूनच सुरू होतात, नीती ही आधी ‘न करण्याची’ गोष्ट आहे, हे दोन्हीकडे ओळखले गेले. या वाक्यांच्या आधी येणाऱ्या कबुलीत तर वजनात खोट केली नाही आणि वाहत्या पाण्याला बांध घातला नाही, अशीही विधाने आहेत. पाटाच्या पाण्यावरून किती दावे चालतात, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

फरक मात्र मोठा आहे. यम जिवंतपणी पाळावयाचे असतात, ही कबुली मेल्यावर द्यावयाची असे. आणि ती पाप केलेल्यालाही पाठ म्हणता येत असे. इतकेच नव्हे, तर मृताच्या छातीवर भुंगेऱ्याच्या आकाराचा एक दगड ठेवीत आणि त्यावर हृदयाला विनवणी कोरलेली असे की, बाबा रे, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. साक्षीदार फितवण्याची ही तजवीज पाहून तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांविषयी मला तरी आपुलकीच वाटते. आफ्रिकी योगाने येथे जो बदल केला, तो मला त्यांच्या सर्व मांडणीत मोलाचा वाटतो: मेल्यानंतरची ती कबुली त्यांनी रोज सकाळच्या बैठकीत आणली. काही वर्गांत ही वाक्ये एकेक करून म्हणतात आणि श्वास सोडताना हृदय पिसाइतके हलके झाल्याचे ध्यान करतात. हे प्राचीन नाही, परंतु प्राचीन चित्राचा असा उपयोग करणे त्या चित्राला शोभणारे आहे.

चौलच्या बंदरातून प्राचीन काळी इजिप्तशी व्यापार चाले, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. मग योगविद्याही गलबतांतून गेली असेल का? आणि मुरुडच्या सिद्दींचा या आफ्रिकी योगाशी काही संबंध? — एक वाचक, रेवदंडा

व्यापार निःसंशय होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात सोपारा आणि कल्याण यांच्याबरोबर ‘सेमुल्ला’ हे नाव येते, आणि ते चौल होय असे मानले जाते. जहाजे जुलैत तांबड्या समुद्राकडून निघत, पावसाळी वाऱ्यावर येत, म्हणजे आपल्याकडे नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळत असताना या किनाऱ्यावर लागत, आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतत. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदराच्या उत्खननात भारतातील सागवानाचे लाकूड आणि एका मोठ्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. २०२२ मध्ये तर तेथील इसिसच्या मंदिराच्या प्रांगणात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. इसिस ही त्या काळी खलाशांची रक्षक देवी मानली जाई आणि ५ मार्चला समुद्र खुला होताना तिच्या नावाने नौका सोडण्याचा उत्सव होई. सोन्याचा नारळ वाहणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना तो सहज कळला असता.

परंतु काळाचा हिशेब पाहावा. ओसिरिसचे नाव सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये इसवी सनपूर्व सुमारे २३५० मध्ये कोरलेले आहे. चौलची जहाजे त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी आली. बेरेनिकेच्या धक्क्यावर एखाद्या व्यापाऱ्याने एखाद्या श्रमणाशी गप्पा मारल्या असतील, तर मला आनंदच होईल; देवता मात्र तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या.

सिद्दींचा संबंध नाही. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून, हबसाणाच्या म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने आले. जंजिऱ्याचे त्यांचे राज्य १९४८ पर्यंत होते आणि धर्माने ते मुसलमान आहेत. आफ्रिका हा खंड आहे, एक गाव नव्हे.

आमच्या बालवर्गाच्या संमेलनात ‘आकाश उचलून धरणारा शू’ हे आसन बसवावे, असे एका पालकांनी सुचवले आहे. शू कोण? आसन मुलांना झेपेल का? परक्या देवाचे आसन केल्याने कोणी दुखावणार नाही ना? — एक बालवाडीताई, देवरुख

शू म्हणजे हवा, पोकळी, उजेड जाण्यापुरती जागा. त्याची कन्या नूत हे आकाश आणि पुत्र गेब ही जमीन. आपल्या कानांना ‘द्यौः पिता, पृथ्वी माता’ याची सवय असल्याने येथे सारे उलटे वाटते: तेथे आकाश ही आई आहे आणि जमीन बाप. त्यांच्या भाषेत आकाशाचा शब्द स्त्रीलिंगी आणि भूमीचा पुल्लिंगी होता; शिवाय त्या देशात पाऊस जवळजवळ पडतच नाही, पीक येते ते जमिनीवरून चढणाऱ्या पुराने. आषाढात आकाश कोसळताना पाहणाऱ्या देवरुखच्या मुलांना बाप वर असावा असे वाटले, तर ते तितकेच योग्य आहे. नूत रोज संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला पुन्हा जन्म देते. हात-पाय टेकून, अंगाची कमान करून ती गेबवर ओणवलेली असते, आणि दोघांच्या मध्ये उभा राहून शूने तिला दोन्ही हातांनी वर उचलून धरले आहे. तो हात खाली घेईल तर आकाश जमिनीला मिळेल आणि श्वास घ्यायला जागा उरणार नाही, असे मुलांना सांगितले की बाकीचे त्यांना आपोआप कळते.

आसन सोपे आहे. गुडघ्यांवर किंवा टाचांवर बसावे, पाठ सरळ ठेवावी, दोन्ही हात बाजूंनी वर नेऊन तळवे आभाळाकडे करावेत, जणू डोक्यावर टोपली तोलली आहे. श्वास घेताना हात वर, सोडताना खाली. मोठ्यांच्या वर्गात मध्ये श्वास रोखतात. आपल्याकडचे पूरक, कुंभक, रेचक आणि बाह्यकुंभक तेच. पण लहान मुलांना श्वास रोखावयास लावू नये. रक्तदाब असलेल्या किंवा गरोदर पालकांनीही मुलांबरोबर हौसेने बसताना तो रोखू नये.

दुखावण्याविषयी बोलायचे तर, फिले बेटावरचे इसिसचे मंदिर सहाव्या शतकात बंद झाले, तेव्हापासून या देवांची जुनी पूजा थांबली आहे. आज काही थोडे लोक पुन्हा श्रद्धेने त्यांची उपासना करतात, म्हणून वेशभूषा आणि विनोद यांत थोडा संयम ठेवावा. आपल्या देवाचे सोंग दुसऱ्याने घेतले, तर आपल्याला जेवढा हवा असतो तेवढा.

मंचावर मागे एखादे चित्र लावणार असाल, तर तुतनखामुनच्या थडग्यात मिळालेल्या हस्तिदंती उशीचे लावावे. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरने ते थडगे शोधून काढले, त्यातल्या वस्तूंपैकी ही एक. गुडघा टेकून बसलेल्या शूने दोन्ही हातांनी उशीची वाकडी फळी तोलली आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सिंह बसला आहे. एक पूर्वेचे क्षितिज, दुसरा पश्चिमेचे. निजणाऱ्याचे डोके त्या दोघांच्या मध्ये सूर्यासारखे रात्री मावळावे आणि सकाळी उगवावे, अशी ती योजना आहे.